मोजणे आणि विचारणे

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन श्रीकृष्णाला एक साधा प्रश्न विचारतो. ज्याची बुद्धी स्थिर झाली आहे असा मनुष्य बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? हा प्रश्न आपल्या कानांवरून इतक्या वेळा गेला आहे की त्यातले नवल आता जाणवत नाही. अर्जुन व्याख्या मागत नाही, खूण मागतो. असा मनुष्य रस्त्यात भेटला तर तो ओळखायचा कसा, एवढेच त्याला हवे आहे. श्रीकृष्णाच्या उत्तरात मात्र बोलण्याची पट्टी नाही, बसण्याची ढब नाही, चालण्याची गती नाही. कामना सुटल्या, दुःखात मन डगमगत नाही, सुखाची हाव उरली नाही, असे सारे आतले वर्णन तो करतो. डोळ्यांपुढे उभे राहील असे जे काही त्या उत्तरात येते – अवयव आवरून घेणारे कासव, वाऱ्याने भलतीकडे नेलेली नाव, चहूकडून पाणी येऊनही न हलणारा समुद्र – ते केवळ उपमेपुरते. अर्जुनाने वर्तन विचारले. त्याला वृत्ती सांगण्यात आली.

आज अर्जुनाचा तोच प्रश्न विद्यापीठांतून निराळ्या भाषेत विचारला जात आहे. वर्तनाचे संगणकाच्या साहाय्याने मापन कसे करावे, या विषयावर परिसंवाद भरतात. प्राणिशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, गणिती आणि संगणकाचे जाणकार एका मेजाभोवती बसतात. उंदीर, मासा, माशी, माकड आणि माणूस यांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपायच्या, यंत्राने त्यांची आकड्यांत मांडणी करायची आणि त्या आकड्यांतून तो जीव काय करतो हे ठरवायचे, असा हा उद्योग आहे. २०१४ साली डेव्हिड अँडरसन आणि पिएत्रो पेरोना या दोघांनी ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात लेख लिहून अशा संगणकीय वर्तनशास्त्राची रूपरेषा मांडली. त्यानंतरच्या काळात हे शास्त्र फार वेगाने वाढले. त्याच्या गणितावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत शिकवतो. हे दोन्ही व्यवसाय दुसऱ्याचे वर्तन पाहून त्याच्याविषयी काही ठरवण्याचे आहेत. तेव्हा या उद्योगाच्या कडेला जो नीतीचा प्रश्न उभा आहे, त्याविषयी बोलायला हरकत नसावी. वर्तन मोजता येते का, हा तो प्रश्न नव्हे. ते येते, हे आता सिद्ध झाले आहे. मोजून झाल्यावर त्या जिवाशी असलेले आपले काम संपते का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या भाषेत या बाबतीत तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत: हालचाल, वर्तन आणि आचरण. पापणी क्षणभर मिटते आणि उघडते, ही हालचाल. तीच हालचाल आपोआप झाली तर आपण डोळा लवला म्हणतो आणि उजवा की डावा हे पाहून शकुन काढतो. मुद्दाम केली तर डोळे मिचकावले म्हणतो. गर्दीत एकालाच कळेल अशी केली तर डोळा मारला म्हणतो, आणि ते कोणी कोणाला केले यावर थट्टा की अपमान हे ठरते. याच्याही पलीकडे एक शब्द आहे, डोळेझाक. डोळेझाक करणाऱ्याची पापणी बहुधा मिटतच नाही. उघड्या डोळ्यांनीच ती केलेली असते. कचेरीत लाच दिली जात असताना शेजारच्या मेजावरचा जो गृहस्थ कागद चाळत राहतो, त्याच्या पापणीत कोणत्याही कॅमेऱ्याला काही सापडणार नाही. तरीही त्याने काय केले हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्यालाही ठाऊक असते.

इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी हेच पापणीचे उदाहरण घेऊन हालचाल आणि अर्थ यांतला फरक समजावून दिला होता. १९७३ साली अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी ते आपल्या ग्रंथात घेतले आणि मग ते सर्वत्र झाले. पण राइल यांना जे समजावून सांगावे लागले, ते मराठीने चार वाक्प्रचारांत आधीच वाटून ठेवले आहे. हालचाल डोळ्यांना दिसते. वर्तन म्हणजे नाव दिलेली हालचाल. ते नाव देण्यासाठी पाहणारा लागतो. आचरण म्हणजे ज्याचा जाब विचारता येतो ते. त्यासाठी उत्तर देणारा लागतो. यंत्र पहिल्यापासून सुरुवात करते. ते कोठवर पोहोचते, हे पाहिले पाहिजे.

आधी मापनाच्या बाजूने बोलले पाहिजे. आपल्याकडे मोजणी म्हटली की ‘रुक्ष’ हे विशेषण आपोआप पुढे येते आणि भावनेची बाजू घेतली की आपण मोठ्या मनाचे ठरतो. ही सवय चांगली नाही. उघड्या डोळ्यांनी पाहणारा माणूस न्यायाने पाहतोच असे नाही. जीन आल्टमन या विदुषींनी केनियातील अंबोसेली येथे बबून माकडांचा दीर्घ अभ्यास केला. १९७४ साली त्यांनी ‘बिहेवियर’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. वर्तनाचे निरीक्षण कसे करावे, याविषयीचा तो पायाभूत निबंध मानला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: निरीक्षकाला मोकळे सोडले तर त्याच्या वहीत भांडणे, आरडाओरडा आणि धावपळ एवढेच उतरते, कारण तेच डोळ्यांत भरते. शांतपणे बसलेला प्राणी वहीबाहेर राहतो. म्हणून एक प्राणी निवडावा, वेळ ठरवावी, आणि तेवढ्या वेळात तो जे करील ते – काही करत नसेल तर तेही – लिहावे. मग दुसरा निवडावा.

शिक्षकाला हे वाचताना माकडे आठवत नाहीत, वर्ग आठवतो. साठ मुलांच्या वर्गात आपल्या नजरेत राहतात ती आठ-दहा. दोन-तीन हुशार, तीन-चार वांड, एखादे सतत आजारी, एखादे कोणाच्या तरी ओळखीचे. उरलेली पन्नास मुले मधल्या बाकांवर बसून वर्ष काढतात आणि निकालाच्या दिवशी त्यांची नावे वाचताना चेहरा आठवावा लागतो. आल्टमन यांची पद्धत वर्गाला लावली तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला ठरावीक मिनिटे येतील, मग ते लक्ष वेधून घेवो अथवा न घेवो. ज्याला आपण समदृष्टी म्हणतो आणि जी संतांपाशीच असते असे समजतो, ती येथे घड्याळ आणि वही यांच्या जोरावर सामान्य माणसालाही थोडीफार साधते. मोजणे हे मुळात अशा प्रकारचे व्रत आहे. आपल्या आवडीनिवडीला थोडा वेळ बाजूला बसवण्याचे ते साधन आहे.

त्यात करुणाही असू शकते. प्रयोगशाळेतील उंदराला वेदना होतात की नाही आणि किती होतात, हे तो सांगू शकत नाही. कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठात जेफ्री मोगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी तयार केली. डोळे किती आवळले आहेत, नाक आणि गाल किती फुगले आहेत, कान कसे वळले आहेत, मिशा कशा ठेवल्या आहेत, या पाच खुणा पाहून अंक द्यायचे. पुढे ससे, घोडे, मेंढ्या यांच्यासाठीही अशा पट्ट्या झाल्या. मुक्या जिवाच्या वतीने बोलणारा हा आकडा आहे. त्याला रुक्ष म्हणणाऱ्याने आधी असा विचार करावा की तो आकडा नव्हता तेव्हा त्या उंदराची दाद कोणापाशी लागत होती?

आता दुसरे उदाहरण आपल्या देशातले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या जातीच्या गांधीलमाश्यांचा अनेक दशके अभ्यास केला. या माश्यांत राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. म्हणून प्रत्येकीच्या अंगावर रंगाचे वेगवेगळे ठिपके देऊन त्यांनी ओळख पटवली, आणि कोणती माशी आपला किती वेळ बसण्यात, किती मिशा उभारून बसण्यात, किती चालण्यात आणि किती घरट्याबाहेर घालवते याचा हिशेब ठेवला. १९८३ साली गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी हा हिशेब संख्याशास्त्राच्या पद्धतीने मांडून प्रसिद्ध केला. त्यातून माश्यांचे तीन गट पडले. त्यांना त्यांनी बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेरून अन्न आणणाऱ्या अशी नावे दिली. राणी भांडणाऱ्यांत असेल असे कोणालाही वाटेल. याच कुळातील दुसऱ्या एका जातीत ती भांडणाऱ्यांतच सापडते. येथे ती बसणाऱ्यांत निघाली.

केवळ डोळ्यांनी पाहिले असते तर ही निष्क्रिय बाई राणी आहे हे मनाला पटलेच नसते. मोजणीने एक समजूत मोडली. परंतु पुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. राणी बसते एवढे आकड्यांनी सांगितले. ती बसून काय करते हे सांगितले नाही. तिच्या रकान्यातले बसणे आणि शेजारच्या सामान्य माशीच्या रकान्यातले बसणे यांत आकड्याला फरक दिसत नव्हता. राणीला घरट्यावरून काढले तर काय होते, हे प्रयोग करून पाहिले तेव्हा एक कामकरी माशी एकाएकी आक्रमक होऊन राणीच्या जागेकडे निघाली असे आढळले. म्हणजे त्या बसण्याने काहीतरी धरून ठेवले होते. आणखी बरीच वर्षे काम झाल्यावर असे दिसून आले की राणी आपल्या शरीरातील गंधद्रव्याने आपले अस्तित्व घरट्याला कळवत असते. ती बसून राज्य करत होती. मोजणीने उत्तर दिले नाही. तिने प्रश्न नेमका केला. आणि गदगकरांनी तो प्रश्न रकान्यात मिटू दिला नाही, म्हणून त्याला पुढे उत्तर मिळाले.

यावर कोणी म्हणेल की हे जुन्या, हाताने केलेल्या मोजणीचे झाले. आता यंत्र स्वतः पाहते. ते खरे आहे. २०१८ साली ‘डीपलॅबकट’ नावाची प्रणाली प्रसिद्ध झाली. माणसाने सुमारे दोनशे चित्रांवर नाक, कान, पंजा, शेपटीचे मूळ असे ठिपके दाखवून दिले की पुढच्या हजारो चित्रांत ती प्रणाली ते अवयव आपण होऊन शोधते. ज्या कामाला विद्यार्थ्यांचे महिनेच्या महिने जात, ते आता फार थोड्या वेळात होते. त्याआधी, २०१५ साली, हार्वर्डमधील संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने याहूनही पुढचे पाऊल टाकले होते. उंदीर काय करतो याची नावे त्यांनी यंत्राला दिलीच नाहीत. अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याने त्याच्या शरीराची घडण टिपली आणि यंत्राने त्या सलग हालचालीचे आपोआप तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा सेकंदाच्याही अंशाचा. या तुकड्यांना संशोधकांनी अक्षरे म्हटले, आणि ती कोणत्या क्रमाने येतात त्याला व्याकरण.

हे नाव मोठे समर्पक आहे. शोधकांनी योजले त्याहून अधिक. अक्षरे सापडली म्हणजे भाषा सापडली नव्हे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील चिन्हे मोजून झाली आहेत, कोणते चिन्ह कोणाशेजारी किती वेळा येते हेही मोजून झाले आहे, परंतु त्या मुद्रांवर काय लिहिले आहे ते सर्वमान्यपणे कोणालाही वाचता आलेले नाही. यंत्राने पाडलेल्या तुकड्याकडे पाहून ‘हा दबकला’, ‘हा वळला’, ‘हा हुंगतो आहे’ असे म्हणणारा शेवटी कोणी मनुष्यच असतो. म्हणजे नाव देणाऱ्याची जागा यंत्राने रिकामी केलेली नाही; ती फक्त प्रवासाच्या आरंभावरून शेवटाकडे नेली आहे. आरंभी उभा असलेला माणूस सर्वांना दिसत होता. शेवटी उभा असलेला दिसत नाही, आणि म्हणून नाव यंत्रानेच दिले असा भास होतो. हा भास उंदरांच्या बाबतीत एखादा निष्कर्ष चुकवील. माणसांच्या बाबतीत तो अधिक नुकसान करतो.

का, ते सांगण्यासाठी एका घोड्याची हकिकत सांगितली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन या गृहस्थांचा हान्स नावाचा घोडा गणिते सोडवत असे. बेरीज विचारावी, घोड्याने टापा वाजवून उत्तर द्यावे. १९०४ साली तेरा जणांची समिती बसली. तिला कोणतीही लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण मानसशास्त्रज्ञाने बारकाईने प्रयोग केले आणि १९०७ साली ते ग्रंथरूपाने मांडले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर हान्सचे गणित चुके. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याच्या डोक्याची अगदी किंचित, त्याला स्वतःलाही न कळणारी हालचाल होई, आणि ती पाहून घोडा थांबे. फुंग्स्ट यांनी मग स्वतः घोड्याची भूमिका घेतली. माणसांना मनात आकडा धरायला सांगून ते टापांसारखे ठोके देत आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबत. बहुतेकांचा आकडा त्यांना सापडे.

घोडा गणित करत नव्हता म्हणून ही हकिकत सहसा सांगितली जाते. माझ्या मते तिचा मर्म दुसरीकडे आहे. सगळे बर्लिन घोड्याला मोजत होते आणि घोडा त्यांना मोजत होता. मोजणारा आपण मोजण्याच्या बाहेर उभा आहोत असे समजत होता. तसा तो नव्हता. जिवंत प्राण्यासमोर तसे कोणालाच उभे राहता येत नाही. वर्गात फळ्याशी उभे केलेले मूल ‘सात’ म्हणताना मास्तरांच्या भुवईकडे पाहत असते आणि भुवई उचलली की ‘नाही, आठ’ म्हणते, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. वर्तन ही दोघांमध्ये घडणारी गोष्ट असते. एकट्याच्या अंगावरून ती सोलून काढता येत नाही.

आणि माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वाढते. आपल्याला मोजले जात आहे हे गांधीलमाशीला कळत नाही, माणसाला कळते. तपासणीच्या दिवशी शाळा जशी असते तशी ती वर्षातून एकदाच असते, आणि तपासणी अधिकारी तोच दिवस मोजून जातात. डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात हे सूत्ररूपाने मांडले: समाजातील एखाद्या गोष्टीचा आकडा निर्णयासाठी जितका जास्त वापरावा, तितका तो आकडा बिघडवण्याचा मोह वाढतो आणि ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायचे तीच त्याने नासते. परीक्षेच्या गुणांचे आपण काय केले आहे, हे ज्याने पाहिले त्याला या सूत्राचा पुरावा देण्याची गरज नाही.

२०१८ साली चीनमधील हांगचौ शहरातल्या एका शाळेने वर्गात कॅमेरे बसवले. दर तीस सेकंदांनी ते मुलांचे चेहरे तपासत आणि मूल वाचते आहे, लिहिते आहे, ऐकते आहे की बाकावर डोके टेकून पडले आहे याची नोंद करत. शिवाय ते आनंदी आहे, खिन्न आहे की रागावले आहे हेही ठरवत. वेदनेची पट्टी उंदराला लावली तेव्हा तिच्यात मला करुणा दिसली. मग येथे हरकत का? एक हरकत शास्त्राचीच आहे. २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला की केवळ चेहऱ्यावरून माणसाची भावना खात्रीने सांगता येत नाही. रागावलेली माणसे बहुतेक वेळा कपाळाला आठ्या घालत नाहीत, आणि आठ्या घातलेला माणूस पुष्कळदा फक्त विचारात गढलेला असतो. परंतु समजा, उद्या यंत्र सुधारले आणि त्याचे अनुमान बरोबर येऊ लागले. तरीही माझी हरकत उरते, आणि तीच या लेखातली मुख्य गोष्ट आहे.

उंदराला विचारता येत नाही म्हणून आपण त्याला मोजतो. तान्ह्या मुलाला, शुद्ध हरपलेल्या रुग्णाला, वाचा गेलेल्या वृद्धाला विचारता येत नाही. तेथेही मोजणे हाच दयेचा मार्ग आहे. परंतु समोरच्या बाकावर जे मूल बसले आहे, त्याला विचारता येते. ज्याला विचारता येते त्याला न विचारता केवळ मोजले, तर त्याच्याविषयी आपल्याला काही कळो वा न कळो, आपण त्याला मुक्या जिवांच्या रांगेत बसवले. तू बोलू शकतोस ही गोष्ट माझ्या कामाची नाही, असे त्याला न बोलता सांगितले. मोजमाप चुकले तर अन्याय होतो हे सर्वांना कळते. मोजमाप अचूक असूनही अन्याय होऊ शकतो, हे लवकर लक्षात येत नाही.

येथे एक बळकट आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. कोणी विचारील की शिक्षक तरी विचारतात का? छडीच्या काळापासून आजपर्यंत किती मुलांना ‘का रे, झोप का आली?’ असे प्रेमाने विचारले गेले? शिक्षकाला जात दिसते, कपडे दिसतात, बापाचा हुद्दा दिसतो. कॅमेऱ्याला यांतले काही दिसत नाही. शिवाय विचारल्यावर मूल खरे सांगेलच असे कोठे आहे? ज्या घरात मारहाण होते त्या घरातले मूल ‘पडलो’ म्हणून सांगते.

या आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे. शिक्षकाची नजर निर्मळ नसते. म्हणूनच आल्टमन यांची शिस्त त्याला हवी असे मी वर म्हटले. कॅमेऱ्याला पूर्वग्रह नसतो, हे मात्र तितके खरे नाही. त्याला ‘लक्ष देणारे मूल’ म्हणून जी चित्रे दाखवली गेली, ती कोणीतरी निवडलेली होती. पूर्वग्रह तेथेच आत गेला आणि आता तो कोणाचा हे सांगता येत नाही. शिक्षकाशी भांडता येते. ‘मी झोपलो नव्हतो, विचार करत होतो’ असे मूल त्याला तोंडावर सांगू शकते, बाप शाळेत येऊन जाब विचारू शकतो, मुख्याध्यापक कान उघडणी करू शकतात. आकड्याशी कोण भांडणार? दुपारच्या तासाला या मुलाचे लक्ष शंभरांत एकेचाळीस होते, असा कागद पुढे आला की शिक्षक म्हणतो, हे मी म्हणत नाही, यंत्र म्हणते. जबाबदारी झटकायला यासारखे सोयीचे वाक्य दुसरे नाही. डोळेझाक हा शब्द मी वर वापरला होता. हीदेखील डोळेझाकच आहे, फक्त ती करण्यासाठी आता यंत्राचा डोळा उसना मिळाला आहे.

आक्षेपाचा दुसरा भाग अधिक कठीण आहे. भ्यालेले मूल खरे सांगत नाही, हे खरेच. अशा मुलाची भूक मंदावली, खेळणे थांबले, अक्षर बिघडले, हे मोजणाऱ्याच्या लक्षात आधी येईल, आणि यावेच. परंतु त्या आकड्याने काय करायचे? तो घेऊन मुलावर शिक्का मारायचा, की ज्या बाईंवर त्याचा विश्वास आहे त्यांनी एका शांत दुपारी त्याच्याशेजारी जाऊन बसायचे? मोजणे हे विचारण्याचे कारण होऊ शकते; विचारण्याचा पर्याय होऊ शकत नाही. आणि मूल पहिल्या दिवशी बोलले नाही तर दुसऱ्या दिवशीही तेथे जाऊन बसावे लागते. हे काम मंद आहे, त्याला महिने लागतात आणि त्याचा अहवाल लिहिता येत नाही.

कायदेही आता या प्रश्नाकडे वळले आहेत. युरोपीय संघाने २०२४ साली कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जो कायदा केला, त्याने कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना यंत्राने ताडण्याला, वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणे वगळता, बंदी घातली. ही बंदी फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. आपल्याकडे २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने मुलांचा माग काढण्यास आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. परंतु २०२५ साली जे नियम आले त्यांनी शिक्षणसंस्थांना, शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती, या मनाईतून सवलत दिली. या सवलतीमागे कारणे असतील. शाळेला हजेरी घ्यावीच लागते आणि मूल फाटकाबाहेर गेले तर ते कळावेच लागते. पण याचा अर्थ असा की ‘शैक्षणिक काम’ कोठे संपते आणि पाळत कोठे सुरू होते, ही रेघ कायद्याने शिक्षकांच्या आणि चालकांच्या हाती दिली आहे. ती ओढण्याची वेळ एखाद्या परिसंवादात येणार नाही. एखाद्या साध्या शाळेत, कोणीतरी कॅमेऱ्यांचा आणि प्रणालीचा स्वस्त प्रस्ताव घेऊन येईल, पालकसभेत माना डोलावल्या जातील, आणि त्या दिवशी ती रेघ ओढली जाईल किंवा राहून जाईल.

त्या दिवसासाठी काही गोष्टी मनाशी धरून ठेवता येतील असे मला वाटते. ज्याला मोजायचे त्याला आपण काय मोजतो हे सांगितलेले असावे, आणि जो शब्द आपण त्याच्या रकान्यावर लिहितो – चंचल, मंद, आक्रमक – तो त्याच्यासमोर उच्चारण्याची आपली तयारी असावी. ती नसेल तर तो शब्द लिहू नये. मोजणाऱ्यानेही मोजून घ्यावे. वर्गाचे लक्ष एकेचाळीस असेल तर त्या तासाला फळ्याशी कोण उभे होते हेही त्याच कागदावर यावे, कारण हान्सच्या समितीने पाहिले नाही ते तेवढेच होते. आणि कोणत्याही आकड्यावरून मुलाचे काही ठरवण्याआधी त्याला विचारलेले असावे, आणि त्याने काय सांगितले हे त्या आकड्याशेजारी लिहिलेले असावे. मग दोन्ही जुळतात की नाही, हे पाहण्यासारखे असेल. जुळले नाही तर आकडा खोटा किंवा मूल खोटे, असा निकाल लगेच देण्याची घाई नको. गदगकरांची राणी बसलेली आहे हा आकडाही खरा होता, आणि ती राज्य करते हेही खरे होते.

परिसंवादांतून जे शास्त्र वाढते आहे त्याच्याविषयी मला भय नाही, आदर आहे. ज्यांना वाचा नाही अशा असंख्य जिवांकडे माणूस पहिल्यांदाच इतक्या बारकाईने आणि इतक्या धीराने पाहू लागला आहे, ही लहान गोष्ट नव्हे. भय आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. मुक्यांसाठी तयार झालेली ही साधने स्वस्त होतील, सोपी होतील, आणि विचारायला जो वेळ लागतो तो वाचवण्यासाठी बोलत्यांवर चालवली जातील. वेळ सर्वांनाच कमी आहे आणि प्रत्येक वर्गात साठ मुले आहेत, हे मी नाकारत नाही. उद्या सकाळी पहिल्या तासाला तिसऱ्या बाकावरचे एखादे मूल डोके टेकून पडलेले असेल. ते आजारी असेल, उपाशी असेल, रात्रभर जागलेले असेल किंवा नुसते कंटाळलेले असेल. त्याच्याजवळ जाऊन विचारायला अर्धे मिनिट लागते.